३-वूड की ५-वूड: सातारच्या माळावरच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

वही उघडायचं कारण म्हणजे दिवाळीत घेतलेलं ३-वूड, म्हणजे गोल्फमधला लांब मारायचा, फुगीर डोक्याचा क्लब. वापरलेलं, ऑनलाइन घेतलेलं, फोटोत नव्यासारखं. विकणाऱ्याने लिहिलं होतं: '१५ अंश, रेग्युलर शाफ्ट'. अंश म्हणजे लॉफ्ट, फेसचा (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) तिरपेपणा; शाफ्ट म्हणजे दांडी, रेग्युलर म्हणजे मध्यम ताठ. टीवर (छोट्या खुंटीवर) चेंडू ठेवून मारलं तर दहातले पाच बरे जातात. जमिनीवरून मारलं तर दहातला एक. बाकीचे ससे होतात, गवतातून पळत जाऊन चाळीस यार्डांवर बसतात.

तीन महिने मी स्वतःलाच दोष देत होतो. डोकं वर येतंय, खांदा लवकर फिरतोय, पोट मध्ये येतंय. आज महाबळेश्वरला सहाव्या होलवर लागोपाठ दोन ससे काढल्यावर मनात आलं, कारखान्यात एखादा जॉब बिघडला तर आपण आधी ऑपरेटरला बोलतो की टूल बघतो? मग इथे टूल एकदाही का मोजलं नाही?

बॅगेची स्थिती अशी: ड्रायव्हर (सगळ्यांत लांब मारणारा क्लब) बरा बसला तर १८५ यार्ड, ५-आयर्न (पातळ लोखंडी डोक्याचा क्लब) १४० यार्ड. मधल्या ४५ यार्डांत हे एकटं ३-वूड, आणि तेही रुसलेलं. त्या पट्ट्यात भरवशाचा एक क्लब हवा, एवढंच काम. पाडव्याच्या आत संपवायचं.

१५ जानेवारी, बुधवार

रात्री आठनंतर, कारखान्यातलं शॉप बंद झाल्यावर. ३-वूड सरफेस प्लेटवर टेकवलं आणि बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोन मोजायचं साधन) लावला. पहिलं माप १६ अंश, दुसरं १२. प्रोट्रॅक्टर बिघडला म्हणून शिव्या घालणार होतो, तेवढ्यात ट्यूब पेटली: वूडचा फेस सपाट नसतोच. आडवा फुगवटा असतो त्याला बल्ज म्हणतात, उभा असतो त्याला रोल. त्यामुळे लॉफ्ट फेसच्या मध्यावरच मोजायचा. मध्यावर आला १४. छापलेलं १५, प्रत्यक्षात १४. एखाद्या अंशाचा फरक वूडमध्ये असतोच म्हणे, पण तो माझ्याच वाट्याला उलट्या दिशेने यावा!

रोलचं गणित मजेशीर आहे. टेम्पलेट लावून बघितलं तर गोलाईची त्रिज्या साधारण १० इंच. म्हणजे मध्यापासून १० मिलिमीटर खाली गेलं की लॉफ्ट दोन-सव्वादोन अंशांनी उतरतो. मी १४ चा क्लब हातात धरून खालच्या कडेने १२ चा फटका मारतोय. कित्येक ड्रायव्हरसुद्धा १०.५ चे असतात, आणि ते टीवरून मारायचे असतात.

मग व्हर्नियर. फेसची उंची मध्यावर ३९ मिलिमीटर. नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७, म्हणजे सपाट जमिनीवर चेंडूचं केंद्र २१.३ वर. फटक्याच्या वेळी सोल (क्लबचा तळ) जमिनीला घासून गेला तरच फेसचा मध्य कसाबसा चेंडूच्या केंद्राशी येतो. सोल पाच मिलिमीटर वर राहिला तरी संपलं. टीवर तोच चेंडू दोन बोटं वर असतो, म्हणून तिथे हा क्लब शहाण्यासारखा वागतो.

आणखी एक. ग्रिपच्या कडेखाली शाफ्टवरचं एक अक्षर अर्धं झाकलेलं होतं. नखाने ग्रिप मागे सारली. एस. म्हणजे स्टिफ, ताठ. पुढे बारीक छपाईत ७५ ग्रॅम. 'रेग्युलर' म्हणे!

१९ जानेवारी, रविवार

मेहुण्याच्या माळावर, कोरेगावकडे. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास. दोन-दोन ट्रॉल्या, पुढे जायला जागाच देत नाहीत.

आबा आले होते. आबा म्हणजे बायकोचे चुलतचुलते, निवृत्त सुभेदार. नोकरीतली बरीच वर्षं फौजेच्या गोल्फ मैदानांची देखभाल बघण्यात गेली. वय ७४, अजूनही १५० यार्ड सरळ रेषेत. मी जावई, त्यामुळे मला नावाने हाक नाही. पाच चेंडू बघितले आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यो दांडका तुमच्या हातचा न्हाई."

म्हटलं, "आबा, हात सुधारतो की."

"हात सुधारंल. पर तवर चेंडू कुटनं आणायचं?"

चेंडूंना मी शॉपमधलं निळं लावून नेलं होतं. दोन पृष्ठभाग जुळतात का हे बघायला स्क्रेपिंगच्या वेळी लावतो तेच, प्रशियन ब्लू. चेंडूवर बोटभर ठिपका, तो भाग फेसकडे करून ठेवायचा, मारल्यावर फेसवर छाप उमटतो. वीस चेंडूंमधले चौदा छाप मध्याच्या खाली, त्यातले सहा अगदी खालच्या कडेला. छाप आडवे फारसे पसरलेले नाहीत. म्हणजे स्विंग अगदीच वाया गेलेला नाही, क्लब फक्त चेंडूच्या वर वर राहतोय. (निळं लावल्यावर अंतर मोजू नये. फेस तेलकट होतो, चेंडूची फिरकी बदलते. आणि घरच्या पांढऱ्या नॅपकिनला हात पुसू नये, यावर वेगळी नोंद करायची गरज नाही.)

आबांचं म्हणणं असं की मी चेंडू उचलायला जातो. लॉफ्ट कमी दिसला की हातांना भीती वाटते, हा वर जाणार नाही, मग अंग मागे झुकतं आणि क्लब वरून घासून जातो. "उचलाय जाऊ नगा. तळ गवताला घासू द्या. वर त्यो आपसूक येतोय." खरं आहे, पण १४ अंशांकडे बघून हातांना हे पटत नाही. आबांनी त्यांचं जुनं ५-वूड दिलं, त्यावर नंबरसुद्धा झिजून गेलाय. त्याच्याने दहातले सात उडाले. तेच अंग, तेच हात.

भाच्याने विचारलं, "मामा, लोखंडाचं आहे तर ह्याला लाकूड का म्हणायचं?" आबा खुलले. पूर्वी डोकं पर्सिमनच्या लाकडाचं असायचं, पावसाळ्यात फुगायचं, उन्हाळ्यात तडकायचं. १९७९ मध्ये टेलरमेडने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर विकायला काढला, आणि मग हळूहळू लाकूड गेलं, नाव राहिलं.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदन, दुपारी हिशेब. पावसाळ्यानंतरच्या सहा खेळींची कार्डं काढली. मी प्रत्येक फटक्याला क्लब लिहितो, ही सवय शॉपमधल्या जॉब कार्डची. वूड हातात घेतल्याची ३१ वेळ. त्यात टीवरून फक्त ५. जमिनीवरून २६, आणि त्यातले १७ वेळा चेंडू बऱ्या जागी नव्हता: जांभ्याची उघडी जमीन, उतार, नाहीतर काडीकाडी गवत.

मी क्लब निवडला होता टीवरच्या पाच फटक्यांसाठी, आणि वापरतोय उरलेल्या सव्वीसांसाठी. बूट घेताना चप्पल घालून माप दिल्यासारखं झालं हे.

संध्याकाळी आबांशी फोनवर बोलताना अदिती अशोकचा विषय निघाला. ७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिकची शेवटची फेरी. तोपर्यंत गोल्फकडे ढुंकूनही न बघणारी माणसं त्या पहाटे टीव्हीला चिकटली होती. एका फटक्याने पदक हुकलं, चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण घेतलं आणि सगळे तिकडे वळले. त्या फेरीत मला जास्त काय लक्षात राहिलं असेल तर तिचं अंतर. टीवरून ती त्या मैदानातल्या सगळ्यांत कमी लांब मारणाऱ्यांपैकी. बाकीच्या आयर्न काढत तिथे ही वूड किंवा हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला क्लब) काढायची, आणि तरीही चेंडू ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक गवतावर. आपल्यासारख्याने बघायचं असेल तर हे. तीनशे यार्डवाल्यांकडून शिकून आपल्याला काय मिळणार?

१ फेब्रुवारी, शनिवार

पुणे. एका दुकानात सिम्युलेटरवर तासभर, पैसे भरून. पोरगा चांगला होता, पण पहिलं वाक्यच "सर, ३-वूड तर लागतंच. सगळे तेच घेतात." मी म्हटलं, सगळ्यांचा स्विंग मला देता का? हसला बिचारा, आणि मग नीट मोजून दिलं.

ड्रायव्हरचा वेग ताशी ८४ मैल. हा आकडा नीट लिहून ठेवायचा, सगळं याच्यावर आहे. अंदाजे हिशेब असा सांगतात: ८५ च्या आत असाल तर सीनिअर किंवा हलकं रेग्युलर, ८५ ते ९५ रेग्युलर, ९५ च्या पुढे स्टिफ. मी स्टिफ ७५ ग्रॅम फिरवत होतो.

चटईवरून, बरे बसलेले चेंडूच धरून, हवेतलं अंतर:

३-वूड, १५ अंश: चेंडू ९ अंशांत निघतो, फिरकी मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास, १५१ यार्ड.
५-वूड, १८: साडेबारा अंश, ४०००, १५८ यार्ड.
७-वूड, २१: पंधरा अंश, ४७००, १५६ यार्ड.

जास्त लॉफ्टचा क्लब जास्त लांब! पोराने दोनदा मोजून दाखवलं. कारण साधं आहे. चेंडू हवेत टिकायला वेग, उंची आणि फिरकी तिन्ही लागतात. वेग ज्याचा शंभराच्या वर, त्याला नऊ अंशात निघालेला चेंडूही तरंगत नेता येतो. माझ्या वेगाला तो नुसता खाली बसतो. पाइपला धार आहे पण पाण्याला दाब नाही. आडवं धरलं तर पायापाशीच पडणार, जरा वर धरलं तर वाफ्यापर्यंत पोचणार.

आणि चटई खोटं बोलते. क्लब मागे आपटला तरी चटईवरून सरकत चेंडूपर्यंत जातो. खरं माप माळावरच.

९ फेब्रुवारी, रविवार

ओळखीच्या दोघांकडून आठवड्याच्या बोलीवर एक ५-वूड आणि एक ७-वूड आणलं, दोन्ही रेग्युलर शाफ्टचे. माळावर पूर्ण दिवस.

अंतर मोजायला लेसर नाही. मेहुण्याच्या कोठीत मोजणीची जुनी ३३ फुटी साखळी सापडली. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे नेमके ११ यार्ड. गोल्फवाल्यांनी आणि तलाठ्याने मिळून ठरवल्यासारखं! दर साखळीला फक्कीची रेघ मारली, अठरा रेघा. भाचा बाभळीच्या आडोशाला, डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट, चेंडू पडला की साखळी ओरडायचा. माळ कडक असल्यामुळे चेंडू पुढे खूप घरंगळतो, म्हणून पहिल्यांदा टेकला ती जागा धरली. चेंडू जमिनीवर, निवडून चांगली जागा नाही, जिथे हात जाईल तिथे. प्रत्येकी वीस.

३-वूड: सर्वांत लांब साडेपंधरा साखळ्या (१७० यार्ड). सरासरी ११ (१२१ यार्ड). पाच ससे.
५-वूड: लांब १५ (१६५). वाईटातला वाईट ९. सरासरी पावणेचौदा (१५१).
७-वूड: लांब साडेचौदा (१६०). वाईटातला वाईट ११. सरासरी साडेतेरा (१४८).

मेहुणा बांधावर बसून ऐकत होता. म्हणाला, "दाजी, म्हणजे तीन नंबरने एकदाच अर्धा गुंठा जास्त मिळतो आणि बाकी वेळ तीन गुंठे जातात. असला व्यवहार कोण करतं?" महिनाभर मी जे वहीत घोळवतोय ते त्याने एका वाक्यात निकालात काढलं.

त्या साडेपंधरा साखळ्यांचा फटका मलाही आठवतोय. आवाज वेगळा, हाताला काहीच न लागल्यासारखं. वीसमधला तो एक माणसाला तीन महिने फसवून ठेवतो.

३-वूडच्या ग्रिपला दीड इंच खाली धरून आणखी दहा मारले. ससे कमी झाले, दोनच. लांबी कमी की चेंडू सापडतो. ३-वूड साधारण ४३ इंच, ५-वूड त्याहून अर्धा ते एक इंच आखूड, ७-वूड आणखी अर्धा. मग शाफ्ट कापून टाकू का? आबांनी थांबवलं. कापला की डोकं हलकं लागतं, शाफ्ट आणखी ताठ होतो, मग शिशाची पट्टी चिकटवत बसा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

५ की ७? दोन दिवस हेच. ७-वूड चेंडू उंचावरून आणून टाकतं, महाबळेश्वरच्या लहान कडक ग्रीनवर ते थांबतं. डस्टिन जॉन्सनसारख्या राक्षसाने २०२० चं मास्टर्स (अमेरिकेतली मोठी गोल्फ स्पर्धा) जिंकलं तेव्हा त्याच्याही बॅगेत ७-वूड होतं, त्यामुळे 'हे म्हाताऱ्यांचं' असं आता कुणी म्हणू नये. पण मार्चपासून दुपारचा पश्चिमेचा वारा सुटतो आणि उंच चेंडू जागच्या जागी उभा राहतो. शिवाय खाली ५-आयर्न १४० आहे. वर १४८ चा क्लब घेतला तर आठ यार्डांसाठी एक क्लब. बॅगेला चौदा क्लबांची मर्यादा आहे, आणि पाकिटालाही आहे.

मधला ४-वूडचा विचारही केला. १७ च्या आसपास. १९३५ च्या मास्टर्समध्ये पंधराव्या होलवर जीन साराझेनने २३५ यार्डांवरून दुसऱ्याच फटक्यात चेंडू भोकात घातला तो ४-वूडने. तीन फटक्यांची पिछाडी एका फटक्यात भरून काढली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकला. गोष्ट छान आहे. माझ्या २६ फटक्यांशी तिचा संबंध नाही. पुढे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

क्लब आला. ५-वूड, १८ अंश, फेरफार होणाऱ्या स्लीव्हचं (डोकं आणि शाफ्टच्या सांध्यातली नळी, फिरवली की लॉफ्ट बदलतो). वापरलेलंच, पण या वेळी विकणाऱ्याकडून शाफ्टवरच्या छपाईचा जवळून फोटो मागवला. रेग्युलर, ५५ ग्रॅम. फेसची उंची ३३ मिलिमीटर, जुन्यापेक्षा सहाने कमी. डोकं बसकं आणि मागे लांब, म्हणजे वजन खाली आणि मागे, चेंडू लवकर चढतो. माप घेतलं: मध्यावर १८.५. या वेळी चूक माझ्या बाजूने.

स्लीव्ह फिरवून लॉफ्ट दीड अंशाने वाढवला. इथे एक गंमत आहे. स्लीव्हने लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, कमी केला की उघडतो. माझा चेंडू कायम उजवीकडे वळतो, त्यामुळे बंद फेस मला औषधच. ज्याचा डावीकडे वळतो त्याने हे करू नये. सोबतचा टॉर्क रेंच ठरलेल्या दाबाला टक् करून सुटतो. शॉपमधल्या पोरांना दाखवला, बोल्ट 'अंदाजाने' आवळणाऱ्यांना. आणि खेळ चालू असताना सेटिंग बदलायचं नाही, नियम आहे. घरूनच ठरवून जायचं.

उपवास होता. खिचडी खाऊन अंगणात नुसतं फिरवलं. दारातली एक कुंडी फुटली. स्लीव्हचा दोष नाही.

२ मार्च, रविवार

माळ, वीस चेंडू. सरासरी १४ साखळ्या, १५४ यार्ड. ससा एक. छाप आता मध्याच्या जरा खाली गोळा झालेत, पण फेसच बुटका असल्यामुळे चालतंय. उजवीकडचा वळसा निम्मा.

१६ मार्च, रविवार

मेढ्याच्या रस्त्याने केळघर घाट चढून महाबळेश्वर. स्ट्रॉबेरीच्या गाड्यांची गर्दी. आबांना मुद्दाम बरोबर नेलं.

पहिलाच वूडचा फटका १६० च्या पुढे गेला आणि मला वाटलं, आपण सुधारलो. आबा म्हणाले, "तुमी न्हाई, हवा." खरंय. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, आपला माळ सातशेच्या आसपास. हवा विरळ, चेंडूला अडवणारं कमी, एवढ्या चढाला दोनेक टक्के अंतर वाढतं. तीन-चार यार्ड डोंगराचे, माझे नाहीत. वहीत तसंच धरलं.

नऊ होलात सहा वेळा ५-वूड. एक जांभ्यावरून, तिथे गवत म्हणजे नावाला. चेंडूमागे एक खडा होता तो आबांनी पायाने नाही, हाताने उचलून बाजूला ठेवला. "तळ घासू द्या" एवढंच म्हणाले. तळ घासला, सोलवर करंगळीएवढा ओरखडा उठला, चेंडू उठला, वर थोडासा डावीकडे रेंगाळला आणि ग्रीनच्या मागच्या कडेला जाऊन बसला. तिथून तीन पट (ग्रीनवरचे हलके फटके) घातले. कार्डवर पाचच लागले. सहापैकी ससा नाही.

१८ मार्च, मंगळवार

३-वूड विकायला काढलं. आबा म्हणाले, ठेवा टीसाठी. पण पाच फटक्यांसाठी एक जागा अडवायची, त्यापेक्षा तिथे एक वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) येईल. मजकूर असा लिहिला:

'३-वूड. छापलेला लॉफ्ट १५, मध्यावर मोजलेला १४. शाफ्ट स्टिफ, ७५ ग्रॅम, छपाईचा फोटो जोडला आहे. फेस उंच, टीवरून उत्तम, उघड्या जमिनीवरून अवघड. ड्रायव्हरचा वेग ९५ मैलांच्या पुढे असेल तरच फोन करावा. नसेल तर सातारला या, माळावर वीस चेंडू मारून बघा, मग ठरवा.'

दोन फोन आले. दुसऱ्याने विचारलं, "हेल्मेट कुणाला घालायचं?" फोटोत भाचा आला होता.